पाण्याच्या वहीतले लेस्टर

फुटबॉल या खेळाशी माझा संबंध भाच्यामुळे आला आणि तोही वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मी लातूरला एका डाळ मिलमध्ये हिशेबनीस आहे. जून २०१४ मध्ये थोरल्या अक्काचा मुलगा अकरावीसाठी गंगाखेडहून आमच्याकडे राहायला आला. मुलाला डॉक्टर करायचे असेल तर त्याला दोन वर्षे लातूरला ठेवलेच पाहिजे, अशी आमच्या भागातल्या बहुतेक घरांची ठाम समजूत आहे आणि अक्काचे घर त्याला अपवाद नव्हते. त्याच्या ट्रंकेत पुस्तकांच्या तळाशी घडी घातलेला एक निळा टी-शर्ट होता. तो चेल्सी नावाच्या लंडनमधल्या संघाचा गणवेश आहे, हे मला त्याच्याकडूनच कळले. शनिवारचा अभ्यास पुरा झाला की त्याला एक सामना बघू द्यायचा, असा करार अक्काच्या नकळत आम्हा मामा-भाच्यांत झाला, आणि एकट्या पोराला टीव्हीसमोर कसे सोडायचे म्हणून मीही त्याच्याबरोबर बसू लागलो.

ऑफसाइड म्हणजे काय ते त्याने मला पाटावर तुरीचे दाणे आणि चिंचोके मांडून समजावून सांगितले. चिंचोके म्हणजे बचाव करणारे आणि दाणे म्हणजे चढाई करणारे. तीन-चार शनिवार गेल्यावर तो म्हणाला, "मामा, नुसतं बघून मजा येत नाही. तुम्हीपण एक संघ घ्या." नाताळाचे दिवस होते. त्याने मोबाइलवर इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या विभागाचा, गुणतक्ता उघडून माझ्यासमोर धरला. वीस संघांची नावे होती. हिशेबनीसाची नजर आधी तळाच्या ओळीवर जाते, कारण बेरीज तिथे असते. तळाच्या ओळीवर जे नाव होते ते मी वाचले, "लायसेस्टर." भाचा पोट धरून हसला. उच्चार लेस्टर असा आहे आणि हा संघ या वर्षी खालच्या विभागात जाणार हे जवळपास ठरलेले आहे, अशा दोन दुरुस्त्या त्याने एका दमात केल्या. मी म्हणालो, असू दे, हाच माझा.

त्या निवडीमागे कसलीही दूरदृष्टी नव्हती, हे मी इथेच सांगून टाकतो. पुढे मिलमध्ये आणि गल्लीत काही लोकांनी मला फार मोठा जाणकार ठरवले, तो माझ्यावर अन्याय होता.

तळाशी असलेल्या संघाचा चाहता होण्यात एक प्रकारचे स्वास्थ्य असते. भाचा चेल्सीचा सामना असला की जेवत नसे. मी मात्र लेस्टर हरले तरी भाकरी कुस्करून निवांत जेवत असे. शेवटचे नऊ सामने उरले तेव्हाही लेस्टर तळाशीच होते. मग एप्रिल २०१५ मध्ये काय झाले ते अजून कोणी नीट सांगू शकलेले नाही. त्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून हा संघ चौदाव्या क्रमांकावर जाऊन थांबला. त्याच सुमारास, मार्चच्या अखेरीस, लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचे अवशेष विधिपूर्वक पुरण्यात आले होते. २०१२ मध्ये ते एका मोटारतळाखाली सापडले होते. राजाची नीट सोय लागली आणि संघाचे दिवस फिरले, असे तिकडचे लोक गमतीने म्हणत. हे मी आईला सांगितले तेव्हा तिला त्यात गंमत अशी काही वाटलीच नाही. "मग? माणसाचं झालं नाही की ते अडवतंयच," एवढेच ती म्हणाली आणि वाती वळू लागली.

जुलैमध्ये संघाला नवे प्रशिक्षक मिळाले. क्लॉदिओ रानिएरी नावाचे हे इटलीचे गृहस्थ त्याआधी ग्रीसच्या राष्ट्रीय संघाकडे होते आणि फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून हार पत्करल्यावर ग्रीसने त्यांना काढून टाकले होते. दहा-बारा वर्षांपूर्वी ते चेल्सीचेही प्रशिक्षक होते आणि तिथूनही काढलेच गेले होते, ही माहिती भाच्याने विशेष आनंदाने पुरवली. इंग्लंडमधल्या सट्टेवाल्यांनी लेस्टरच्या विजेतेपदाला पाच हजारास एक असा भाव दिला होता. आयुष्यभर आडतीतले भाव लिहीत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला अशा भावाचा अर्थ सांगावा लागत नाही. माल खपणार नाही याची इतकी खात्री असली की दुकानदार त्याची किंमत विचार न करता सांगतो.

२०१५ चा पावसाळा आमच्याकडे आलाच नाही म्हटले तरी चालेल. धनेगावच्या मांजरा धरणात पाण्याऐवजी भेगा दिसू लागल्या. ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, मिलमध्ये मालच येईना, आणि आला तर भरडण्याआधी तुरीला लावायला पाणी कुठून आणायचे हा मालकांपुढे प्रश्न. अशा दिवसांत शनिवार-रविवारचे ते दोन तास मला फार मोलाचे वाटू लागले. लेस्टर जिंकत होते, आणि जिंकण्याची त्यांची रीत मोठी विचित्र होती. ॲस्टन व्हिलाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून तीन-दोन असा विजय मिळवला. स्टोक आणि साउदॅम्प्टन या दोन्ही ठिकाणी दोन गोलांनी मागे पडून बरोबरी केली. आर्सेनलने मात्र सप्टेंबरअखेर घरी येऊन पाच गोल घातले. आपल्यावर गोलच होऊ न देता एखादा सामना जिंकाल तर पिझ्झा देतो, असे रानिएरींनी पोरांना सांगितले होते, आणि त्यासाठी ऑक्टोबरअखेरच्या क्रिस्टल पॅलेसच्या सामन्यापर्यंत थांबावे लागले.

या खेळाडूंच्या पूर्वपीठिका भाचा मला जेवताना सांगे. जेमी वार्डी हा काही वर्षांपूर्वीपर्यंत अपंगांसाठी आधारपट्ट्या करणाऱ्या कारखान्यात कामाला जाई आणि उरलेल्या वेळात खालच्या, फार खालच्या स्तरावर खेळे. लेस्टरने त्याला २०१२ मध्ये फ्लीटवुडहून आणले. रियाद माहरेझ हा फ्रान्सच्या दुसऱ्या विभागातून आला होता आणि त्याच्या अंगाकडे पाहून हा इंग्लंडच्या हिवाळ्यात टिकेल असे कोणाला वाटले नव्हते. एनगोलो कांते दिसायला शाळकरी पोरासारखा, पण चेंडू जिथे पडेल तिथे आधीच उभा. नोव्हेंबरात वार्डीने सलग अकरा सामन्यांत गोल करून रूड व्हॅन निस्टलरॉयचा दहा सामन्यांचा विक्रम मोडला, तेव्हा मी मिलमध्ये हमालांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितले नाही, सांगून उपयोग नव्हता.

पण आमच्या घरात या सगळ्यांपेक्षा प्रसिद्ध झाला तो मधल्या फळीतला डॅनी ड्रिंकवॉटर. आईने एकदा त्याचे नाव ऐकले आणि अर्थ विचारला. भाच्याने सांगितला. आमच्या दाराशी चार रिकामी पिंपे उलटी पडलेली होती आणि टीव्हीवर हिरव्यागार मैदानात पाण्याचे फवारे उडत होते. आई म्हणाली, "नावातच हाय का त्याच्याकडं? मग त्याला म्हणावं, इकडं ये." त्यानंतर सामना सुरू असताना ती आतून विचारी, "पाणी प्या आलाय का खेळायला?" आणि आलाय म्हटले की तिचे समाधान होई. लेस्टर शहरात गुजराती लोकांची मोठी वस्ती आहे, युगांडातून १९७२ मध्ये हाकलली गेलेली कितीतरी कुटुंबे तिथे जाऊन राहिली आहेत आणि बेलग्रेव्ह रोडवर मोठी दिवाळी होते, हे कळल्यावर तर तो संघ तिला नात्यातलाच वाटू लागला.

डिसेंबरात लेस्टरने चेल्सीला दोन-एक असे हरवले आणि तीन दिवसांनी चेल्सीने आपले प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांना निरोप दिला. आदल्या वर्षीचा विजेता संघ त्या वेळी तळाजवळ धडपडत होता. भाच्याने तो निळा टी-शर्ट धुऊन ट्रंकेत ठेवून दिला. मी त्याला चिडवले नाही. त्याची बारावी जवळ आली होती.

वहीची गोष्ट जानेवारीची आहे. नळांचा भरवसा संपला तेव्हा आमच्या गल्लीतल्या सात घरांनी मिळून टँकर मागवायचे ठरवले आणि हिशेब माझ्याकडे आला. लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानापासून पाण्याचा हिशेब: तारीख, वेळ, कोणाच्या घरी किती पिंपे, जमा, बाकी. त्याच दिवशी वही उलटी करून मागच्या बाजूने मी लेस्टरचे खाते उघडले आणि ऑगस्टपासूनचे सगळे सामने भाच्याकडून विचारून उतरवून काढले. तारीख, समोरचा संघ, गोल, गुण (विजयाला तीन, बरोबरीला एक), एकूण गुण, शेरा. वीस सामने, चाळीस गुण. या विभागात टिकून राहण्यासाठी चाळीस गुण पुरेत, हेच आपले ध्येय, असे रानिएरी सांगत आले होते आणि ते अर्ध्या वर्षातच पुरे झाले होते. त्यांचे काम झाले, असे मी शेऱ्यात लिहिले. ते खाते पुढे चालवण्याची गरज पडेल असे मला खरेच वाटत नव्हते, कारण नाताळानंतरच्या तीन सामन्यांत संघाने एकही गोल केला नव्हता.

पुढचा सामना टॉटनहॅमशी, आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे रात्री दीड वाजता. भोगीची पहाट. भाचा झोपला होता आणि मी आवाज बंद करून एकटाच बघत होतो. शेवटची सात-आठ मिनिटे उरली असताना रोबर्ट हूट नावाच्या धिप्पाड जर्मन बचावपटूने कॉर्नरवर डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. मी ओरडलो नाही. उठून स्वयंपाकघरात गेलो, माठातले अर्धे भांडे पाणी प्यालो आणि परत येऊन बसलो. आई चार वाजता भोगीच्या भाजीची तयारी करायला उठली, तेव्हा मी जागाच होतो. "काय दुखतंय का?" तिने विचारले. दुखत काही नव्हते. पहिल्यांदाच मला त्या संघाबद्दल भीती वाटू लागली होती, म्हणजे आता ते हरले तर मला वाईट वाटणार होते. तळाच्या संघाबरोबर मिळालेले ते स्वास्थ्य त्या पहाटे गेले आणि मे महिन्यापर्यंत परत आले नाही.

फेब्रुवारीत लिव्हरपूलविरुद्ध वार्डीने माहरेझचा लांबून आलेला चेंडू खाली पडू न देता, गोलरक्षक पुढे आलेला पाहून, तिथूनच मारला. आणि त्यानंतरच्या शनिवारी मँचेस्टर सिटीच्या घरी जाऊन तीन-एक. हा सामना संध्याकाळी होता म्हणून गल्लीतले चार-दोन जण येऊन बसले होते. सिटी म्हणजे पैशाच्या राशी ओतून उभा केलेला संघ. त्यांच्या मैदानात लेस्टरची पोरे पळत होती ती पाहून मला वडिलांची आठवण झाली. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला चितपट केले, ती कुस्ती वडील इतक्या वेळा आणि इतकी अंगात येऊन सांगत की त्यांनी ती स्वतः पाहिली असावी असे आम्हाला वाटे. त्यांनी ती पाहिली नव्हती, गावच्या पारावर ऐकली होती. मी निदान टीव्हीवर तरी पाहत होतो.

लगेच पुढच्या रविवारी आर्सेनलने जमिनीवर आणले. एक गोलची आघाडी, मग डॅनी सिम्पसनला लाल कार्ड, दहा जणांनी पाव तासाच्या आसपास तग धरणे, बरोबरी, आणि पंच्याण्णवाव्या मिनिटाला वेलबेकने डोक्याने केलेला गोल. पाच गुणांची आघाडी दोनवर आली. आता संपले, असे भाचासुद्धा म्हणाला. रानिएरींनी त्या पराभवानंतर काय केले असेल? पोरांना आठवडाभर सुट्टी दिली. जा म्हणाले, फिरून या. हे मी मालकांना सांगितले. मालक माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, जानेवारीचा मेळ अजून लागलेला नाही.

मार्चबद्दल मला हिशेबनीस म्हणून थोडे जास्त लिहायचे आहे. वॉटफर्डला एक-शून्य, न्यूकॅसलला एक-शून्य, क्रिस्टल पॅलेसला एक-शून्य, साउदॅम्प्टनला एक-शून्य. सलग चार सामने, चार गोल आणि बारा गुण. चार ओळी एकाखाली एक लिहिल्यावर त्या मला इतक्या सुंदर दिसल्या की मी वही दोन-तीनदा उघडून पाहिली. शरद ऋतूत चार घालून दोन खाणारा संघ आता एक घालत होता आणि तेवढ्यावर भागवत होता. चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांकडेच असे. मॉर्गन आणि हूट भिंतीसारखे उभे, पाठीमागे कॅस्पर श्मायकल, आणि जवळपास प्रत्येक सामन्यात तेच अकरा जण. ज्यांना हा खेळ कळतो ते याला नीरस म्हणत असतील. त्या महिन्यात आमच्या घरी तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी तुळशीला, असा क्रम चालू होता आणि पाणी भरण्याच्या जागी गर्दी जमू नये म्हणून जिल्ह्यात जमावबंदी लागली होती. मला ते चार सामने अजिबात नीरस वाटले नाहीत.

साउदॅम्प्टनचा सामना ३ एप्रिलच्या संध्याकाळी होता आणि त्याच संध्याकाळी कोलकात्यात टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत. भारत उपान्त्य फेरीतच गेला होता, तरी गल्लीला क्रिकेट हवे होते. कर्णधार वेस मॉर्गनचा गोल झाला आणि थोड्याच वेळात रिमोट माझ्या हातून गेला. उत्तरार्ध मी भाच्याच्या मोबाइलवर, गच्चीवर, रिकाम्या टाकीला टेकून पाहिला. पुढे रात्री ब्रेथवेटचे चार षटकार बसले तेव्हा गल्ली दणाणली आणि मला वाटले की वेस्ट इंडिजसाठी एवढे ओरडणारी माणसे लेस्टरसाठीही ओरडू शकतील, त्यांना फक्त कोणीतरी सांगितले पाहिजे. मग मी सांगू लागलो. किराणा दुकानात, कटिंगच्या दुकानात, मिलच्या वजनकाट्यावर. लोक ऐकून घेत. दुष्काळात माणसे एकमेकांचे ऐकून घेतात, वेळ पुष्कळ असतो, रांगा लांब असतात.

१० एप्रिलला संडरलँडमध्ये वार्डीने दोन गोल केले. सामना संपल्यावर पडद्यावर रानिएरी दिसले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी आणि भाचा स्टेशनवर गेलो होतो. इतकी गर्दी मी तिथे आजवर पाहिली नव्हती, आणि तरी आवाज फार नव्हता. लोक वाघिणींना हात लावून बघत होते. भाचा परत येताना म्हणाला, "मामा, कुणी सांगितलं असतं वर्षापूर्वी, की लातूरला पाणी रेल्वेनं येईल आणि लेस्टर पहिलं असेल, तर काय भाव दिला असता?" मी म्हटले, पहिल्या गोष्टीला फार भाव मिळाला नसता. मांजरा तेव्हाच तळाला चालली होती.

दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून राज्यात वाद पेटला होता. मला त्या दिवसांत टीव्हीवरची ओली हिरवळ पाहताना मनात किंचित टोचत असे, हे खरे आहे. तिकडचा पाऊस तिकडे पडतो हे कळत असूनही टोचत असे.

वेस्ट हॅमचा सामना आठवला की आजही माझा हात कपाळाकडे जातो. वार्डीचा गोल, मग तोच वार्डी पेनल्टीसाठी मुद्दाम पडला असे ठरवून पंचांनी दाखवलेले दुसरे पिवळे कार्ड, म्हणजे लाल. शेवटच्या दहा मिनिटांत वेस्ट हॅमचे दोन गोल. मी वही मिटली होती. पंच्याण्णवाव्या मिनिटाला लेस्टरला पेनल्टी मिळाली आणि उयोआ नावाच्या अर्जेंटिनाच्या खेळाडूने ती शांतपणे घातली. दोन-दोन. एक गुण. त्या एका गुणाची किंमत पुढे पंधरा दिवसांनी मला नेमकी कळली.

१ मे, महाराष्ट्र दिन. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर जिंकले असते तर विजेतेपद तिथेच होते. एक-एक अशी बरोबरी झाली आणि सामना संपायच्या आधी ड्रिंकवॉटरला बाहेर काढण्यात आले. आईला सांगितले. ती म्हणाली, "आता त्याला बी?"

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. लेस्टर ३६ सामने, ७७ गुण. टॉटनहॅम ३५ सामने, ६९ गुण. टॉटनहॅमने उरलेले तिन्ही जिंकले तर ७८, म्हणजे एक गुणाने पुढे. एक जरी बरोबरीत सुटला तर ७६, म्हणजे खेळ संपला. आणि त्यांचा पुढचा सामना दुसऱ्याच दिवशी चेल्सीच्या मैदानावर होता. भाच्याने वही माझ्याकडून ओढून घेतली, बेरीज तपासली आणि काही न बोलता ट्रंक उघडून निळा टी-शर्ट बाहेर काढला. चेल्सीला त्या सामन्यातून स्वतःसाठी मिळवण्यासारखे काहीच उरले नव्हते. टॉटनहॅमशी त्यांचे जुने वैर आहे, एवढाच आमचा आधार.

भाच्याची सीईटी ५ मेला होती. त्यात एप्रिल संपता संपता सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशासाठी देशभरची ‘नीट’ परीक्षा सक्तीची ठरवल्याने लातुरातल्या हजारो पोरांप्रमाणे तोही गोंधळून गेला होता, कोणती परीक्षा धरायची आणि कोणती सोडायची याच्या रोज नव्या बातम्या येत. अक्काचा रोज फोन येई आणि मी रोज सांगे, की बसलाय अभ्यासाला. २ मेच्या रात्रीही तो खरोखर अभ्यासाला बसला होता, फक्त टी-शर्ट घालून.

सामना रात्री साडेबारा वाजता सुरू झाला. आमच्या गल्लीचा टँकर त्या रात्री कधीही येईल असा निरोप होता, म्हणून पाइप आणि पिंपे आधीच दारात लावून ठेवलेली, आणि सगळी गल्ली अर्धवट जागी. पस्तिसाव्या मिनिटाला टॉटनहॅमच्या केनचा गोल. मध्यंतराच्या आधी सोनचा दुसरा. भाचा आतून आला, पडद्याकडे पाहिले आणि उंबऱ्यावरच बसला. मी वही मिटून आडवा झालो आणि मनाशी म्हटले, अजून दोन सामने आहेत लेस्टरचे, घरी एव्हर्टनशी, मग चेल्सीशी. पण मला ते खरे वाटत नव्हते. जानेवारीपासून ज्याची भीती होती ते आता होणार, असे वाटत होते. उत्तरार्धात चेल्सीच्या केहिलने एक गोल फेडला. टॉटनहॅमची पोरे चिडली होती, एकामागून एक पिवळी कार्डे निघत होती. त्या एका सामन्यात त्यांच्या नऊ जणांना ती मिळाली. आणि साधारण दोनच्या सुमारास समोरच्या वहिनींची हाक आली, "पाणी आलंय, उठा की ओ!"

वही माझ्याकडे, म्हणून जाणे मला भागच होते. टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मी एका हाताने पाइप धरला, दुसऱ्या हातात बॅटरी, वही बगलेत. पहिल्या घराची दोन पिंपे भरली, दुसऱ्या घराची भरू लागली. चौथ्या घरापाशी असताना आमच्या जिन्यावरून कोणीतरी धडधडत उतरले. भाचा अनवाणी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. मग तो म्हणाला, "मामा, हझार्ड." चेल्सीच्या हझार्डने बरोबरी केली होती. मी विचारले, "कितवं मिनिट?" "त्र्याऐंशी." पाइप सोडून मला वर धावता आले असते. पण पिंप काठोकाठ आले होते, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत तांब्याभर पाणी सांडले तरी त्यावरून दोन दिवस बोलणे होई. मी पाइप वाकवून धार दाबली आणि पुढच्या पिंपात घातला. भाच्याला म्हटले, तू जा, बघ, आणि सांग. तो खिडकीत उभा राहून वरून मिनिटे सांगू लागला. सत्त्याऐंशी. एकोणनव्वद. वहिनींनी विचारले, हे काय मोजतोय? मी म्हटले, लेस्टर जिंकतंय. "कुणाशी?" त्या प्रश्नाचे उत्तर अवघड होते. लेस्टर त्या वेळी कोणाशीच खेळत नव्हते, ते त्या रात्री वार्डीच्या घरी टीव्हीसमोर बसले होते.

शिट्टी झाली तेव्हा मी सातव्या घराच्या दुसऱ्या पिंपावर होतो. भाचा खिडकीतून ओरडला. गल्लीतल्या काहींना मी महिनाभर सांगत आलो होतो, त्यांना अर्थ कळला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी टँकरसाठी असतील समजून वाजवल्या. टँकरवाला मात्र घाबरला, त्याला वाटले भांडण सुरू झाले. हझार्डचा तो गोल मी सकाळी, मिलमध्ये, भाच्याने मोबाइलवर पाठवला तेव्हा पाहिला. ज्या गोलाने माझा संघ विजेता झाला तो मला प्रत्यक्ष पाहता आला नाही, याची चुटपुट काही वर्षे होती. आता तो इतक्या वेळा पाहून झाला आहे की आपण तो तेव्हाच पाहिला असे मला अधूनमधून वाटते. वडिलांच्या कुस्तीचेही असेच झाले असावे.

आईला सकाळी चहाच्या वेळी सांगितले. रानिएरी त्या दिवशी आपल्या शहाण्णव वर्षांच्या आईबरोबर जेवायला इटलीला गेले होते, हे ऐकून तिने विचारले, "मग जेवला का नीट?" जेवले असतील म्हणालो. मग वही काढली. समोरच्या बाजूने नोंद सोपी होती: ३ मे, रात्री दोन, सात घरे, चौदा पिंपे. मागच्या बाजूने मात्र मी अडलो. तारखेच्या रकान्यात तारीख लिहिली. समोरचा संघ? कोणीच नाही. गोल? नाहीत. गुण? एकही वाढला नव्हता, सत्त्याहत्तरच. सगळे रकाने रिकामे ठेवून शेऱ्यात लिहिले, चेल्सी दोन, टॉटनहॅम दोन.

सात तारखेला एव्हर्टनला तीन-एक हरवून त्यांनी चषक उचलला. त्याआधी आंद्रेआ बोचेल्ली मैदानात उभे राहून गायले आणि शेजारी रानिएरी हात वर करून लोकांना शांत करत होते. भाचा तोवर परीक्षा देऊन गंगाखेडला गेला होता. आम्ही फोन कानाला लावून दोन गावांत एकच सामना पाहिला, आणि अक्काने मधेच फोन घेऊन हा काय प्रकार आहे असे विचारले तेव्हा मी तिला दोन वर्षांचा सगळा करार सांगून टाकला. ती पुष्कळ बोलली. ते इथे लिहीत नाही.

मे संपत आला तसे पाण्याचे खाते पुढून आणि लेस्टरचे मागून, अशी दोन्ही एकमेकांजवळ सरकत आली होती. पाण्याला पाने जास्त लागली. सौभाग्यवतींनी एकदा वही उघडून पाहिली आणि मधली चार कोरी पाने टँकरसाठी राखून ठेवा म्हणून बजावले. त्यामुळे १५ मेची नोंद, चेल्सीशी एक-एक, एकूण गुण ८१, दुसऱ्या क्रमांकापेक्षा दहाने जास्त, मला मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहावी लागली.